‘ए बॉट, गेम डिलीट कर’: ऑनलाइन गेममध्ये आपल्याच टीममधल्या नवख्यावर एवढा राग का निघतो?

‘अरे ए बॉट, खेळता येत नसेल तर गेम डिलीट कर ना!’

चौघांच्या टीममध्ये मोबाईल गेम खेळणाऱ्या कुणालाही हे वाक्य नवं नाही. कधी ‘बॉट’च्या जागी ‘नूब’ येतं, कधी थेट आईवरून शिवी. नूब म्हणजे नवखा, ज्याला काहीच येत नाही असा. बॉट म्हणजे कॉम्प्युटर चालवतो तो खोटा खेळाडू, जो बहुतेक वेळा सरळ समोरून चालत येतो आणि गोळी खाऊन पडतो. माणसाला बॉट म्हणायचं म्हणजे तुझ्या डोक्यात काही नाही, असंच सांगायचं.

यातली गंमत अशी, की हे शत्रूला म्हटलं जात नाही. बोलणारा आणि ऐकणारा एकाच टीममध्ये असतात. जिंकले तर दोघंही जिंकणार, हरले तर दोघंही हरणार. बरं, शिवी खाल्ल्यावर समोरच्याचा खेळ सुधारतो असंही नाही. उलट हात थरथरतात, पुढची चूक आणखी लवकर होते. म्हणजे शिवी देणारा स्वतःच्याच जिंकण्याच्या वाटेत काटे पेरत असतो. तरी हे एवढं सर्रास का चालतं?

किती सर्रास, याचा थोडा अंदाज एका आकड्यावरून येतो. अमेरिकेतल्या अँटी-डिफेमेशन लीग या संस्थेनं २०१९ मध्ये ऑनलाइन गेम खेळणाऱ्या तिथल्या प्रौढांचं सर्वेक्षण केलं. त्यातल्या ७४ टक्के लोकांनी सांगितलं, की खेळताना आपल्याला कुठल्या ना कुठल्या प्रकारचा त्रास झाला आहे. हा आकडा सगळ्या प्रकारच्या त्रासाचा आहे, फक्त नवखेपणावरून झालेल्या अपमानाचा नाही. पण ‘असं एखाद्याच्याच वाट्याला येतं’ हा समज त्यातून निघून जातो.

घरातल्या मोठ्यांना विचारलं तर उत्तर तयार असतं: हल्लीची पोरंच तशी. गेमरांना विचारलं तर त्यांचंही उत्तर तयार असतं: काही लोक घाणच असतात, त्यांना बॅन करा. दोन्ही उत्तरं सोपी आहेत. आणि दोन्ही पुराव्यापुढे टिकत नाहीत.

वाईट माणसं थोडी, वाईट दिवस फार

लीग ऑफ लीजेंड्स हा रायट गेम्स या अमेरिकी कंपनीचा गेम २००९ मध्ये आला. पाच विरुद्ध पाच असा सामना. काही वर्षांतच तो जगातला सर्वात लोकप्रिय गेमपैकी एक झाला आणि सर्वात शिवराळ म्हणूनही बदनाम झाला. नवे खेळाडू येत, चार सामने खेळत, आपल्याच टीमकडून बोलणी खात आणि निघून जात. कंपनीच्या दृष्टीनं हा केवळ सभ्यतेचा प्रश्न नव्हता, धंद्याचा होता. नवे लोक टिकले नाहीत, तर जुने तरी कुणाबरोबर खेळणार?

मग रायटनं यावर काम करायला संशोधक नेमले. त्यांचं नेतृत्व करणारे जेफ्री लिन हे मेंदूविज्ञानातले पीएचडी. गेममधलं सगळं चॅट कंपनीकडे साठलेलं होतंच. ते तपासल्यावर जे दिसलं, ते ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेनं २०१६ मध्ये सविस्तर मांडलं. सतत वाईट वागणारे, म्हणजे ज्यांना आपण ट्रोल म्हणतो असे खेळाडू फक्त एक टक्क्याच्या आसपास निघाले. आणि गेममधल्या एकूण वाईट वागण्यात त्यांचा वाटा होता साधारण पाच टक्के. उरलेला बहुतांश कचरा कुणाचा? एरवी ठीकठाक वागणाऱ्या, पण त्या दिवशी डोकं फिरलेल्या साध्या माणसांचा.

म्हणजे सगळ्या ट्रोलांना उद्या सकाळी बॅन केलं, तरी चॅट जवळपास तेवढंच घाण राहील.

हा निष्कर्ष जरा अवघड आहे, कारण तो बोट आपल्याकडे वळवतो. ऑफिसात नव्या मुलाला शांतपणे तीनदा समजावून सांगणारा माणूस रात्री अकरा वाजता गेममध्ये दुसऱ्या नव्या मुलाला ‘अनइन्स्टॉल कर’ म्हणतो. माणूस तोच आहे. बदललेली आहे ती जागा. तेव्हा आधी त्या जागेचे नियम तपासायला हवेत.

चुकीची किंमत कोण भरतो?

लीग ऑफ लीजेंड्समध्ये तुम्ही मेलात, तर फक्त तुमचं नुकसान होत नाही. मारणाऱ्याला सोन्याची नाणी मिळतात, अनुभवाचे गुण मिळतात. त्या नाण्यांतून तो चांगली हत्यारं घेतो आणि तुमच्या टीममधल्या बाकीच्या चौघांना मारायला जास्त ताकदीनं येतो. याला गेमरांच्या भाषेत ‘फीडिंग’ म्हणतात, म्हणजे शत्रूला खाऊ-पिऊ घालणं. नवखा माणूस चार-पाच वेळा मेला की समोरचा एक जण राक्षस होऊन बसतो. थोडक्यात, नवखा नुसता कमी उपयोगाचा नसतो. तो नसता तर बरं झालं असतं, अशी परिस्थिती गेम स्वतः तयार करतो.

त्यात सामना चालतो अर्धा-पाऊण तास. मध्येच सोडून गेलात तर दंड. बदली खेळाडू मागवता येत नाही. म्हणजे चार माणसं एका नवख्याबरोबर अर्धा तास कोंडली गेली आहेत, त्याच्या चुकांचं बिल त्यांच्या नावावर फाटतंय, रँकही त्यांची घसरणार आहे आणि हातात कीबोर्ड आहे. यातून काय बाहेर पडेल हे सांगायला मेंदूविज्ञान लागत नाही.

आता हेच आपल्या गल्लीतल्या खेळाशी ताडून बघा. लपाछपी, लगोरी, डबा ऐसपैस. मोठ्या मुलांच्या मागे धाकटी भावंडं यायचीच, आणि त्यांना खेळायला घेतलं नाही तर वरच्या मजल्यावरून आईची हाक यायची. यावर मराठी मुलांनी कधीकाळी एक तोडगा काढला, तो म्हणजे लिंबू-टिंबू. लिंबू-टिंबू खेळात असतो, पळतो, लपतो, ओरडतो. पण तो आऊट होत नाही. त्याच्यावर राज्य येत नाही. त्याच्या चुकीमुळे कुणाची टीम हरत नाही. वर्ष-दोन वर्षं असं खेळून तो नियम शिकतो आणि एक दिवस स्वतःच म्हणतो, मी आता लिंबू-टिंबू नाही.

गल्लीतली मुलं काही जास्त सुस्वभावी होती असं नाही. मारामाऱ्या त्यांच्यातही व्हायच्या. पण नवख्याच्या चुकीची किंमत बाकीच्यांनी भरायची नाही, एवढी एक गोष्ट त्यांच्या नियमात होती. ऑनलाइन गेमच्या नियमात नेमकी तीच नाही.

दुसरा फरकही मोठा आहे. गल्लीतला लिंबू-टिंबू उद्याही तिथेच असतो. तो अमक्याचा भाऊ असतो. आज त्याला रडवलं, तर संध्याकाळी त्याची आई दारात उभी. ऑनलाइन गेममध्ये जोडीदार पुन्हा कधी भेटणारच नाही, याची जवळजवळ खात्री असते. ही खात्री आल्यावर काय होतं, याचं एक नमुनेदार उदाहरण आहे.

बटण आलं आणि ओळख गेली

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा गेम नोव्हेंबर २००४ मध्ये आला. जादू, राक्षस, तलवारी असलेलं भलंमोठं जग. त्यात ‘डंजन’ म्हणजे गुहा किंवा किल्ले असतात, तिथे पाच जणांची तुकडी करून जायचं असतं. एक जण टँक, म्हणजे शत्रूचे सगळे वार स्वतःच्या अंगावर घेणारा. एक हीलर, म्हणजे बाकीच्यांच्या जखमा भरणारा. उरलेले तिघं मारणारे. पाचांपैकी एकानंही काम सोडलं तर सगळे मेले. पूर्ण सहकार्याचा खेळ.

सुरुवातीच्या वर्षांत ही तुकडी जमवणं हेच एक काम असायचं. गेममधल्या शहरात उभं राहून चॅटवर आवाज द्यायचा, ‘टँक पाहिजे, हीलर पाहिजे.’ लोक जमले की चालत, घोड्यावर बसून त्या गुहेपर्यंत जायचं. यातच अर्धा-एक तास जायचा. कंटाळवाणं होतं, शंकाच नाही. पण प्रत्येक खेळाडू एका ठरावीक सर्व्हरवर राहायचा, जणू एका गावात. अमका चांगला हीलर आहे, तमका लूट घेऊन पळतो, हे गावभर व्हायचं. नव्या टँकला शिव्या घालून हाकलणाऱ्याला पुढच्या आठवड्यात स्वतःला टँक हवा असायचा. शिवाय एवढी पायपीट करून जमवलेला माणूस हाकलला, तर पुन्हा शहरात जाऊन हाका मारायच्या. त्यापेक्षा ‘थांब, आधी हा डावीकडचा मारू’ असं समजावणं परवडायचं.

डिसेंबर २००९ मध्ये कंपनीनं ‘डंजन फाइंडर’ आणला. एक बटण दाबायचं. यंत्रणा वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच जण निवडते आणि थेट गुहेच्या दारात नेऊन सोडते. लोकांना ते आवडलं, कारण खरंच वेळ वाचत होता. लहान सर्व्हरवर ज्यांना तुकडीच मिळत नव्हती, त्यांना तर हे वरदानच होतं. पण पाच अनोळखी माणसं, पाच वेगळ्या गावची, वीस मिनिटांनी कायमची पांगणार. बोलणं कमी होत गेलं. ‘गो गो गो’ हा मंत्र झाला. टँक जरा थांबून नकाशा बघायला लागला, की कुणीतरी स्वतःच पुढे जाऊन राक्षस ओढून आणायचं. मत टाकून एखाद्याला तुकडीतून काढायची सोय होती, तीही वापरली जायची. काढलेल्याच्या जागी यंत्रणा नवा माणूस आणून द्यायची. हाकलण्याची किंमत शून्यावर आली.

याचा फटका सर्वात जास्त कुणाला बसला? टँकला. मारणाऱ्या तिघांपैकी एक जण कच्चा असेल तर लवकर कुणाला कळत नाही, तो इतरांच्या आडोशानं शिकू शकतो. टँक चुकला की सगळी तुकडी आडवी, आणि चूक कुणाची हे पाचही जणांना दिसतं. त्यामुळे नवा माणूस टँक व्हायलाच घाबरतो. टँक कमी, म्हणून बाकीच्यांना बराच वेळ रांगेत थांबायचं, आणि एवढं थांबून आलेली माणसं नवा टँक दिसला की आधीच वैतागलेली. एप्रिल २०११ मध्ये कंपनीला शेवटी योजना काढावी लागली: ज्या भूमिकेची टंचाई असेल ती घेऊन रांगेत याल, तर जादा बक्षिसाची थैली मिळेल. टंचाई अर्थातच बहुतेक वेळा टँकची. टँक कमी असण्याला इतरही कारणं होती, पण लोकांच्या तोंडाला घाबरून ओस पडलेल्या जागेवर माणसं बसवायला कंपनी लाच देत होती, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

‘व्हिडिओ बघून ये’

आता जुन्या खेळाडूची बाजूही ऐकायला हवी, कारण ती खोटी नाही. दिवसभर काम करून, पोरं झोपवून त्याला पाऊण तास मिळालेला असतो. अवघड मोहीम असते. तुकडीत एक जण येतो, ज्यानं काहीही वाचलेलं नाही, जो सांगितलेलं ऐकत नाही, मधेच पाणी प्यायला उठून जातो. पाऊण तास वाया. त्याचा राग समजण्यासारखा आहे.

पण ‘काहीही वाचलेलं नाही’ या शब्दांत एक मोठा बदल लपलेला आहे. पूर्वी गेम खेळून शिकायचा असायचा. आता तो शिकून खेळायला यायचं असतं. कुठलं हत्यार सर्वात चांगलं, कुठल्या वळणावर काय करायचं, याचे व्हिडिओ आणि तक्ते गेम आल्यावर काही दिवसांत तयार होतात. याला ‘मेटा’ म्हणतात: सध्या सर्वमान्य झालेली सर्वात परिणामकारक पद्धत. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला हेलडायव्हर्स २ घ्या. चार जणांनी मिळून किडे आणि यंत्रमानवांशी लढायचं, इतका उघड सहकार्याचा गेम. काही आठवड्यांतच तक्रारी सुरू झाल्या, की रेलगन नावाची बंदूक घेतली नाही म्हणून वरच्या पातळीच्या मोहिमांतून लोकांना काढून टाकतात. कंपनीनं मार्चमध्ये त्या बंदुकीची ताकद कमी केली, तर त्यावरूनही गदारोळ झाला.

इथे नवख्याचा गुन्हा बदललेला दिसेल. त्याला वाईट खेळल्याबद्दल शिक्षा नाही, अभ्यास न करता वर्गात आल्याबद्दल आहे. आणि गेम हा वर्ग आहे हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

नवख्यांच्या अडचणीत भर घालतात ते ‘स्मर्फ’. म्हणजे मुरलेले खेळाडू, जे मुद्दाम नवं खातं उघडून कच्च्या लोकांत येऊन त्यांना बदडतात. म्हणजे जी जागा शिकणाऱ्यांसाठी राखून ठेवली, तिथेही पहिलवान घुसलेले. डोटा २ हा गेम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अशी ९० हजार खाती बंद केल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी नाताळच्या सुमारास काही स्मर्फना गेममध्ये भेटवस्तूचा डबा आला. उघडला तर आत कोळसा आणि खातं बंद झाल्याची चिठ्ठी. कंपन्यांना विनोदबुद्धी असते कधीकधी.

आणखी एक गोष्ट. नवख्यावर सर्वात जास्त कोण ओरडतं? आपल्याला वाटतं सर्वात चांगला खेळाडू. २०१५ मध्ये ‘प्लॉस वन’ या संशोधनपत्रिकेत कासुमोविक आणि कुझनेकॉफ या दोघांचा अभ्यास आला होता. हॅलो ३ या गेममध्ये त्यांनी आधी रेकॉर्ड केलेला पुरुषाचा किंवा बाईचा आवाज वापरून सामने खेळले आणि टीममधले पुरुष कसे बोलतात ते नोंदवलं. बाईच्या आवाजाशी जास्त वाकडं वागले ते कमी कौशल्याचे पुरुष. चांगले खेळणारे तुलनेनं नीट बोलले. आणि तेच कच्चे खेळाडू पुरुषी आवाजापुढे मात्र नमतं घेत होते. हा अभ्यास बायकांशी होणाऱ्या वागणुकीचा आहे, नवख्यांचा नाही. पण ज्याची स्वतःची जागा डळमळीत आहे त्याला पाय ठेवायला आणखी खालची पायरी लागते, हे नवख्यांच्या बाबतीतही कालपर्यंत नवख्याच असलेल्यांकडे बघितलं की पटतं.

आपल्याकडे काय वेगळं आहे?

भारतात ऑनलाइन टीम गेम म्हणजे बहुतेकांसाठी मोबाईल. पबजी मोबाईल २०१८ मध्ये आला, सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी आली, २०२१ च्या जुलैत तो बीजीएमआय या नावानं परतला, २०२२ मध्ये पुन्हा दुकानातून गायब झाला आणि २०२३ च्या मे महिन्यात परत आला. कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये शिवी टाइप करावी लागते. इथे माइक उघडा असतो. शिवी थेट कानात येते, कधीकधी स्पीकरवरून घरातल्या सगळ्यांच्या.

पण महत्त्वाचा फरक दुसराच आहे. फोन हा अनेक घरांत अजूनही एकट्याचा नसतो. दादानं महिनाभर घासून रँक वाढवलेली असते आणि दुपारी त्याच आयडीवर नववीतला भाऊ खेळत असतो. टीममधल्या इतरांना दिसते दादाची रँक आणि खेळ दिसतो भावाचा. मग ‘आयडी विकत घेतली का रे?’ हा प्रश्न येतोच. शिवाय स्वस्त फोन. ज्याच्या फोनवर चित्र अडकत अडकत चालतं, नेटवर्क जातं, त्याला समोरचा माणूस दिसेपर्यंत गोळी लागून गेलेली असते. ऐकणाऱ्याला मात्र तो कच्चा खेळाडूच वाटतो. नवखेपणा आणि गरिबी पडद्यावर अगदी सारखी दिसतात. ‘बॉट’ म्हणून ज्याला हिणवलं, तो कदाचित चार वर्षं खेळत असेल, फक्त फोन जुना असेल.

अनोळखी जोडीदाराला इथे ‘रँडम’ म्हणतात. ‘रँडमबरोबर खेळलो म्हणून हरलो’ हे स्पष्टीकरण इतकं चालतं, की रँडम हीसुद्धा अर्धी शिवीच झाली आहे.

आपल्याकडे गेमिंगवर चर्चा होते ती व्यसनाची आणि पैशांची. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं केलेल्या कायद्यातही पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या गेमवर बंदी आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता हे मुख्य मुद्दे होते. बारा-तेरा वर्षांचा मुलगा रोज तासभर अनोळखी मोठ्या माणसांकडून काय ऐकतो, हा विषय पालकसभेत क्वचितच निघतो. आणि काही महिन्यांनी तो मुलगा तीच भाषा स्वतःपेक्षा नव्या पोराला ऐकवतो.

तोंड बंद करायचं, की कारणच काढून टाकायचं?

कंपन्यांचे उपाय दोन जातीचे आहेत. पहिली जात तोंडाला कुलूप लावणारी. लीग ऑफ लीजेंड्सनं २०११ मध्ये ‘ट्रिब्युनल’ सुरू केलं होतं, ज्यात खेळाडूच आरोपीचं चॅट वाचून शिक्षा की माफी हे ठरवायचे. २०१४ मध्ये ते बंद झालं. त्याच गेममध्ये एक साधा प्रयोग जास्त बोलका ठरला. विरुद्ध टीमशी चॅट करण्याची सोय आधी सुरूच असायची. ती बंद ठेवली आणि ज्याला हवी त्यानं सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी असं केलं. आठवडाभरात वाईट चॅट सुमारे एक तृतीयांशानं घटलं, आणि चॅट वापरणाऱ्यांचं प्रमाण मात्र जवळपास तेवढंच राहिलं. म्हणजे लोक बोलत होतेच. मध्ये एक पायरी घातल्यानं तोंडातून सहज सुटणारं थोडं अडलं, एवढंच. २०२३ मध्ये कॉल ऑफ ड्यूटीनं माइकवरचं बोलणं तपासणारी एआय यंत्रणा आणली. पण यंत्रणा शिवी पकडते. ‘व्वा, काय खेळतोस रे’ हे टोमण्यात म्हटलेलं तिला कितपत कळेल?

त्यापेक्षा २०१९ मधल्या एपेक्स लीजेंड्सचा मार्ग हुशार होता. एक बटण दाबून ‘इथे शत्रू आहे’, ‘इथे औषध आहे’ अशी खूण करता येते. माइक सुरू न करता, भाषा न येता, आवाज न ओळखू देता टीमला उपयोगी पडता येतं.

दुसरी जात मुळावर जाते. फायनल फँटसी १४ या जपानी गेममध्ये नव्या खेळाडूच्या नावापुढे हिरव्या कोंबाचं चिन्ह असतं. तो नवा आहे हे सगळ्यांना दिसतं. ऐकायला हे धोक्याचं वाटतं, जणू कपाळावर ‘मला मारा’ लिहिलंय. पण त्याच गेममध्ये दुसरा नियम आहे. तुकडीत कुणी ती गुहा पहिल्यांदा खेळत असेल, तर सुरुवातीलाच सगळ्यांना सूचना येते आणि मोहीम पूर्ण झाल्यावर प्रत्येकाला जादा बक्षीस मिळतं. नवखा भेटला की जुने लोक खूश होतात, कारण नवखा म्हणजे बोनस. लोकांचा स्वभाव इथेही तोच आहे, हिशेब तेवढा उलटा केलेला आहे. तिथे नवख्याला कुणीच बोलत नाही असं नव्हे, पण त्या गेमची ख्याती नवख्यांना सांभाळून घेणारा अशीच आहे.

डेन्मार्कच्या कंपनीनं केलेला डीप रॉक गॅलॅक्टिक हाही तसाच. चार बुटके खाणकामगार खनिज काढायला जातात. एकानं काढलेलं खनिज सगळ्यांच्या खात्यात पूर्ण जमा होतं, वाटणी नाही. नवख्यानं दोनच ढेकळं काढली तरी तुमच्यातलं काही कापलं जात नाही. शिवाय खास एक बटण आहे, ते दाबलं की तुमचा बुटका कुदळ उंचावून ‘रॉक अँड स्टोन!’ अशी आरोळी देतो. दुसरे लगेच साद देतात. निरर्थक वाटणारी ही गोष्ट तो गेम खेळणारे सर्वात प्रेमानं सांगतात.

सर्वात टोकाचा प्रयोग २०१२ च्या जर्नीचा. वाळवंटातून डोंगराकडे जायचं, वाटेत एखादा अनोळखी खेळाडू भेटतो. नाव दिसत नाही, चॅट नाही, फक्त एक सूर काढता येतो. गेमचे दिग्दर्शक जेनोव्हा चेन यांनी सांगितलेली गोष्ट अशी, की सुरुवातीच्या चाचण्यांत खेळाडूंना एकमेकांना ढकलता येत होतं. त्यांनी काय केलं? कड्यावरून ढकललं. छान छान गेममध्येसुद्धा. मग चेन यांच्या टीमनं ढकलणंच काढून टाकलं. उलट दोघं एकमेकांना चिकटून चालले तर दोघांचीही उडण्याची शक्ती भरते, असं केलं. पुढे या गेममध्ये अनुभवी खेळाडू नवख्यांना लपलेल्या जागा दाखवत फिरू लागले, कुणी न सांगता. अर्थात, जर्नीत हरण्यासारखं फारसं काही नाही. रँक नाही, समोरची टीम नाही. जिथे जिंकणं-हरणं आहे तिथे हा नमुना जसाच्या तसा बसणार नाही, आणि बहुतेक मोठे गेम जिंकण्या-हरण्यावरच चालतात.

अलीकडे कंपन्यांनी आणखी एक वाट काढली आहे. फायनल फँटसी १४ नं २०१९ पासून काही गुहा कॉम्प्युटरच्या सोबत्यांबरोबर खेळण्याची सोय दिली आणि २०२२ मध्ये ती जुन्या गुहांपर्यंत वाढवली. जानेवारी २०२४ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्येही ती आली. नवखा आता चार बॉट बरोबर घेऊन डंजनमध्ये शिरतो. ते त्याच्या वेगानं चालतात. तो नकाशा बघायला थांबला तर कुणी ‘गो गो गो’ म्हणत नाही. बीजीएमआयमध्ये जो शब्द शिवी म्हणून वापरतात, तोच इथे नवख्याचा सर्वात समजूतदार जोडीदार ठरला आहे.

मोठ्या मोहिमांत मात्र, जिथे दहा-वीस जण लागतात, तिथे अजूनही माणसंच लागतात. आणि तिथे नवा टँक आला की चॅटवर पहिला प्रश्न तोच असतो: व्हिडिओ बघितलास का?